दाढीच्या साबणाची पार्श्वभूमी: पाणी, चरबी आणि ब्रश

दाढीसाठी अंगाच्या साबणापेक्षा वेगळा साबण लागतो, ही समजूत तशी अलीकडची. आपल्याकडे तर दाढीला साबणच लागत नसे. न्हाव्याचा व्यवसाय करणाऱ्या संत सेना महाराजांचा ‘आम्ही वारीक’ (म्हणजे न्हावी) हा अभंग म्हणजे धोकटीतल्या, न्हाव्याच्या पिशवीतल्या, सामानाची जवळजवळ यादीच आहे. तीत आरसा आहे, चिमटा आहे, डोई घोळायला उदक आहे. साबणाचं नाव नाही. बलुत्यावर काम करणारा न्हावी वाटीत पाणी घ्यायचा, बोटांनी ते दाढीत चांगलं जिरवायचा आणि मग वस्तरा लावायचा. धार लावण्याइतकंच हे पाणी जिरवणं कसबाचं. लोकांच्या तोंडी ‘बिनपाण्याने हजामत’ बसली ती त्यातूनच. बिनसाबणाच्या हजामतीबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आणि त्या न्हाव्याचं गणित बरोबरच होतं. दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा. कोरडा असताना तो भलताच चिवट, पण पाण्यात राहिला की स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो, फुगतो आणि पात्याला फारसा विरोध करत नाही. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, पाणी कोमट असेल तर जरा कमी. साबण नंतर येतो. केसावरचा तेलकटपणा काढायचा, भिजलेला केस वाळू द्यायचा नाही आणि पातं कातडीवरून घसरवायचं, एवढंच त्याचं काम. यातलं मधलं काम सगळ्यात अवघड. फेसात पाणी जास्तीत जास्त वेळ कसं कोंडून ठेवायचं, याच एका प्रश्नाभोवती या साबणाची पुढची दोनशे वर्षं गेली.

युरोपात साबण आधीपासून होता, पण तो दाढीसाठी खास बनवलेला नव्हता. तिथला न्हावी काठाला अर्धगोल खाच असलेली परात गिऱ्हाइकाच्या गळ्याशी टेकवायचा, सुवासिक साबणाचा गोळा पाण्यात घोळायचा आणि फेस हातानेच गालाला चोळायचा. अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये ब्रश आला. त्याच सुमारास पॅरिसमधला झां-झाक पेरे हा पाती घडवणारा कारागीर लाकडी आडोसा बसवलेला वस्तरा घेऊन पुढे आला. माणसाने आपली दाढी आपणच करावी, असं तो सांगत होता. ब्रशाने दोन गोष्टी साधल्या. बिज्जूच्या, म्हणजे बॅजर या प्राण्याच्या, केसांचा झुबका स्वतःच बरंच पाणी धरतो आणि ते थोडंथोडं सोडतो. शिवाय तो खुंटांच्या मुळाशी फेस घालतो, जे बोटांना नीट जमत नाही.

खरी कलाटणी मात्र न्हाव्याच्या दुकानात मिळाली नाही, ती मिळाली मेणबत्तीच्या धंद्यात. १७९१ साली निकोला लब्लांने मिठापासून सोडा बनवण्याची रीत काढली आणि चरबीचा साबण करायला लागणारा अल्कली (क्षार) स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. मग मिशेल शव्रल या रसायनशास्त्रज्ञाने चरबी म्हणजे नेमकं काय, याचा छडा लावला. चरबीतून ग्लिसरीन आणि वेगवेगळी आम्लं सुटी होतात, हे त्याने दाखवलं. १८२३ साली त्याचं हे संशोधन ग्रंथरूपाने छापलं गेलं. (हा गृहस्थ १०२ वर्षं जगला आणि त्याने आयफेल टॉवर उभा राहिलेला पाहिला.) त्या आम्लांपैकी स्टिअरिक आम्ल पांढरंशुभ्र, घट्ट आणि उन्हाळ्यातही न वितळणारं. त्याच्या मेणबत्त्या जुन्या चरबीच्या मेणबत्त्यांसारख्या वास मारत नसत की मऊ पडत नसत. शव्रल आणि गे-ल्युसॅक यांनी १८२५ साली त्याचं पेटंट घेतलं. मेणबत्तीवाल्यांसाठी टनावारी स्टिअरिन, म्हणजे हेच घट्ट आम्ल, निघू लागलं आणि त्यातलंच साबणवाल्यांनी उचललं.

स्टिअरिकच का, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानात साबण निवडताना हीच माहिती उपयोगी पडते. खोबरेल तेलाचा साबण चटकन फेसाळतो. बुडबुडे मोठाले, पण मिनिटाभरात बसतात. अंघोळीला ते चालतं. दाढीचा फेस गालावर पाच-सात मिनिटं टिकायला हवा. स्टिअरिक आम्लाचा साबण हळू फेसाळतो, पण त्याचे बुडबुडे इतके बारीक असतात की सुटे दिसतच नाहीत. सगळा मिळून एक दाट, ओलसर थर होतो. अडचण एकच: सोडियमच्या अल्कलीने केलेला स्टिअरिकचा साबण दगडासारखा कडक होतो आणि पाण्यात विरघळायला कुरकुरतो. त्यावर उपाय पोटॅशचा. पोटॅशियमचा साबण मऊ होतो आणि लवकर सुटतो. दोन्ही अल्कली मिसळले की वडी टिकाऊही राहते आणि ब्रशाला सहज लागतेही. दाढीच्या साबणाची आजची घडण मुळात हीच, त्यात वर थोडं ग्लिसरीन.

कोकणाने इथे कान टवकारायला हरकत नाही. कोकमाच्या बियांपासून निघणारं तेल, मुठीने वळून ठेवलेलं आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायचं ते, निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्लाचं असतं. गाईच्या चरबीत ते साधारण पाचवा हिस्सा भरतं. परदेशातले हाताने साबण घडवणारे काही छोटे कारागीर दाढीच्या साबणात कोकम बटर आवर्जून घालतात. आपल्याकडे ते अजून टाचांपुरतंच.

अमेरिकेत १८४० च्या दशकात कनेक्टिकटमधल्या जेम्स विल्यम्स या औषधविक्रेत्याने खास दाढीसाठी म्हणून साबण विकायला काढला. पुढे ग्लास्टनबरी गावात त्याचा मोठा कारखाना झाला. मगमध्ये साबणाची गोल वडी ठेवायची आणि ब्रश त्यातच फिरवायचा, ही पद्धत तिथे रुजली. न्हाव्याच्या दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नाव घातलेले मग फळीवर ओळीने मांडलेले असत. पुढे प्रवाशांसाठी कांडी आली. ती थेट ओल्या गालावर घासायची आणि फेस गालावरच करायचा. मग आला बदलत्या पात्याचा रेझर काढणारा जिलेट. १९०३ साली त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली, १९०४ साली पेटंट मिळालं, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून अधिक पाती घेतली. रोज घरी दाढी करायची सवय या सैनिकांबरोबर घरोघर गेली, आणि तिच्याबरोबर साबण आणि ब्रशही.

त्या ब्रशांनी काही जणांचा जीव घेतला. युद्धामुळे बिज्जूचे केस मिळेनात आणि चीन, सायबेरिया, जपानकडून आलेल्या घोड्याच्या केसांना रंग देऊन ते बिज्जूचे म्हणून खपवले जाऊ लागले. युद्धाआधी असा माल युरोपातून फिरून येताना निर्जंतुक होत असे. ती वाट बंद पडल्यावर तो तसाच कारखान्यात पोचला. त्यात अँथ्रॅक्स या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या जीवघेण्या रोगाचे बीजाणू होते. वस्तऱ्याने गाल जरासा सोलवटला की त्यांना आत शिरायला वाट मिळे. अमेरिका आणि ब्रिटन मिळून सैनिक आणि नागरिकांमध्ये २०० हून अधिक जणांना असा अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे. ब्रिटनने १९२० साली जपानी ब्रशांची आयातच बंद केली. आज कृत्रिम तंतूंचा ब्रश हा प्रश्न निकालात काढतो. शिवाय स्वस्त ब्रश बहुधा डुकराच्या केसांचे असतात, ज्यांना ते नको असतील त्यांचीही सोय होते. जातिवंत बिज्जूवाल्यांना तो आवडत नाही. आवडू नये, त्यांनी पैसे मोजलेले असतात.

ब्रशाला रजा देणाऱ्या क्रीमचा जमाना बार्बासोलपासून, म्हणजे १९१९ पासून सुरू झाला. १९२५ साली बर्मा-शेव्ह आलं आणि रस्त्याकडेच्या यमकी पाट्यांनी गाजलं. १९५० च्या सुमारास दाबाच्या डब्यातला फेस आला. बटण दाबलं की फेस तयार, पण त्यात बरीचशी हवाच. केस आधी नीट भिजवलेला नसेल तर असा फेस नुसता दिसायला दाढीचा. माझं मत विचाराल तर या डब्याने सोय दिली आणि पाणी काढून घेतलं.

भारतात साबणाची गोष्ट चरबीपाशी येऊन अडते. मीरतला एकोणिसाव्या शतकातच नॉर्थ वेस्ट सोप कंपनीचा कारखाना निघाला होता, १८८८ पासून कलकत्त्याच्या बंदरात विलायती सनलाइट साबण उतरत होता. पण विलायती साबणात कुठल्या जनावराची चरबी आहे ही शंका घरोघर होती आणि ती गैरवाजवी नव्हती. लालबागला कुलपं करणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण काढला, तो या शंकेला उत्तर म्हणून. याच अर्देशीरांनी टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये दिले. १९८३ साली वनस्पती तुपातल्या चरबीच्या भेसळीचं प्रकरण पेटलं, तेव्हा हा विषय किती नाजूक आहे ते देशाला पुन्हा कळलं. दाढीच्या साबणात तर चरबी जास्तच सोयीची, कारण तिच्यात स्टिअरिक आणि त्याच्यासारखंच पामिटिक अशी दोन्ही आम्लं आयती मिळतात. आपल्याकडे ती जागा पामतेलाने भरली. गोदरेजची गोल डबीतली शेव्हिंग राउंड कितीतरी घरांत मोरीतल्या कोनाड्यात असायची, शेजारी तुरटीचा खडा.

मग ट्यूब आली आणि डबी मागे पडली. पण ब्रश गेला नाही, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दाबाचा डबा महाग होता. ट्यूब स्वस्त, महिनोन्महिने पुरणारी आणि ब्रशाशिवाय तिचा उपयोग नाही. सलूनमध्ये अजूनही आधी पाण्याचा फवारा, मग ब्रशाने फेस, मग सुलटी आणि उलटी दाढी, शेवटी तुरटी, असा क्रम चालतो. वस्तऱ्याची धार जाऊन अर्धं ब्लेड आलं, क्रम तोच राहिला. युरोप-अमेरिकेत जी पद्धत छंद म्हणून नव्याने शिकावी लागते आहे, ती आपल्याकडे कधी मोडलीच नव्हती. अर्थात आता तिकडून ती ‘वेट शेव्हिंग’ होऊन, लाकडी वाडग्यात बसून, चांगल्या घसघशीत किमतीला परत येते आहे.

वडी घ्यायची तर वास हुंगण्याआधी मागची घटकांची ओळ वाचावी. सुरुवातीलाच स्टिअरिक आम्ल किंवा पोटॅशियम स्टिअरेट असेल तर साबण खरोखर दाढीसाठी घडवलेला आहे. सोडियम पामेट (पामतेलाचा साबण) आणि सोडियम कोकोएट (खोबरेलाचा साबण) यांच्यापुढे पोटॅशियमचा पत्ताच नसेल, तर तो अंगाचा साबण गोल साच्यात ओतलेला समजावा. सोडियम टॅलोएट म्हणजे जनावराची चरबी. नुसतं ‘स्टिअरिक आम्ल’ लिहिलेलं असेल तर ते पामचं की चरबीचं ते कळत नाही. ज्यांना शाकाहारीच हवा त्यांनी तसा स्पष्ट उल्लेख शोधावा. अंगाच्या साबणावर टीएफएमचा, म्हणजे एकूण स्निग्धांशाचा, आकडा बघायची आपली सवय इथे कामाची नाही. क्रीम म्हणजे तोच साबण, पोटॅश जास्त आणि पाणी आधीच मिसळलेलं. घाईच्या माणसाने तीच घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

फेस करताना घाई नडते ती पाण्याच्या बाबतीत. ब्रश कोमट पाण्यात भिजवून, झटकून, वडीवर अर्धा मिनिट फिरवला की आधी बुडबुडे येतात, मग चिकट लेप जमतो. पुष्कळ जण इथेच थांबून तो लेप गालाला फासतात. तो पांढराफेक, कोरडा असतो आणि पात्याखाली ओढतो. इथून पुढे ब्रशाचं टोक पाण्याला नुसतं टेकवायचं, गालावर किंवा वाडग्यात फिरवायचं, पुन्हा टेकवायचं. तीन-चार वेळा असं केलं की पांढरेपणा उतरून फेसावर तुकतुकी येते आणि तो चांगल्या लागलेल्या दह्यासारखा दिसू लागतो. दोन बोटांत घासला तर बोटं एकमेकांवरून सुळकन सरकली पाहिजेत. बुडबुडे पुन्हा सुटे दिसू लागले तर पाणी जास्त झालं. वडीवर ब्रश थोडा फिरवून आणावा.

एवढं करूनही फेस मरत असेल तर दोष पाण्याचा असू शकतो. मुंबईला तानसा-भातसाचं तलावाचं पाणी येतं, तिथे कुठलाही साबण बरा वाटतो. मराठवाड्यातल्या किंवा नगरकडच्या बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम स्टिअरिक आम्लाला पकडतं आणि न विरघळणारी साय धरते. जितका साबण स्टिअरिकने भरलेला तितकी ती जास्त. अशा ठिकाणी साबण दुप्पट घ्यावा, किंवा उकळून निवळलेलं पाणी तांब्याभर बाजूला काढून फक्त फेसासाठी वापरावं. चेहरा धुवायला बोअरचं चालतं.