सुंडलातला चणा आणि मिठावरचा आळ

"मीठ आधी घालू नकोस, चणे शिजायचे नाहीत." हे मी आईकडून ऐकलं, सासूबाईंकडून ऐकलं आणि चेन्नईत राहायला गेल्यावर शेजारच्या मामींकडूनही ऐकलं. तिघीही उत्तम सुगरणी. तरी भिजवण्याच्या पाण्यापुरतं हे वाक्य चूक आहे, आणि का चूक आहे हे समजलं की सुंडल कधी बिघडत नाही.

तमिळ घरांत नवरात्रात गोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्यांच्या हातावर सुंडल ठेवतात. आज काबुली चणे, उद्या चवळी, परवा मूग किंवा वाटाणे. आपल्या माटुंग्यातल्या तमिळ घरांतही हेच चालतं. कडधान्य भिजवायचं, शिजवून निथळायचं, मोहरी, उडीदडाळ, सुकी मिरची, हिंग, कढीपत्त्याची फोडणी द्यायची आणि वर ओलं खोबरं. आपल्या उसळीची सख्खी बहीणच, पण हिला ना मोड ना रस्सा. त्यामुळे चणा कच्चट राहिला तर तो झाकायला काहीच नसतं.

माझा पहिला सुंडल असाच फसला. रात्रभर भिजवलेले चणे, कुकरच्या आठ शिट्ट्या, तरी दाताखाली कचकच. इमारतीला बोअरचं पाणी होतं आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर धरायचा. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातले चणे पिण्याच्या कॅनच्या पाण्यात भिजवले, शिजवले, आणि ते लोण्यासारखे झाले.

दोष त्या पांढऱ्या थरातल्या कॅल्शियमचा. चण्याच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे, जॅम घट्ट करणारं तेच हे पेक्टिन. चणा शिजतो म्हणजे आतला स्टार्च फुगतो आणि हा चिकटा विरघळून पेशी सुट्या होतात. पेक्टिनच्या लांब साखळीवर जागोजागी ऋणभारित गट असतात. कॅल्शियमच्या आयनावर, म्हणजे विद्युतभारित कणावर, दोन धनभार. तो एक हात या साखळीला देतो, दुसरा शेजारच्या साखळीला. असे आयन ओळीने बसले की दोन साखळ्यांच्या मधे अंड्यांच्या ट्रेसारखी रचना तयार होते. रसायनशास्त्रात तिला 'एग-बॉक्स' असंच म्हणतात. ही जोडणी उकळत्या पाण्यालाही सहज दाद देत नाही. मॅग्नेशियमही थोडंफार हेच करतं. बोअरच्या जड, म्हणजे क्षारांनी भरलेल्या पाण्यात दोन्ही भरपूर.

आता मीठ. सोडियमच्या आयनावर एकच धनभार, म्हणजे एकच हात. मिठाच्या पाण्यात रात्रभर सोडियमची गर्दी असते, ती कॅल्शियमला हळूहळू जागेवरून हलवते, आणि एका हाताने दोन साखळ्या बांधता येत नाहीत. एक लीटर पाण्याला दोन-तीन लहान चमचे मीठ घाला, सकाळी ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. साल कमी फाटते, चणा आतपर्यंत मऊ होतो. खायचा सोडा याहून झपाट्याने काम करतो, कारण अल्कलीत पेक्टिनची साखळीच तुटते. पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. मी तो वापरत नाही.

जुने चणे पाणी चांगलं असूनही का अडतात? बियांमध्ये फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने साठवण झाली की ते हळूहळू मोडतं, सुटलेलं कॅल्शियम पेक्टिनपाशी जातं आणि दाणा आतूनच बांधला जातो. आजचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण हे आहे. जो दाणा सकाळी न फुगता तळाशी खड्यासारखा पडलेला दिसतो, त्याची गोष्ट निराळी: त्याच्या सालीतून पाणीच आत गेलेलं नसतं. आपण दोघांनाही गणंग म्हणतो.

तमिळनाडूत नवग्रहांना धान्यं वाटून दिलेली आहेत; चणा गुरूचा, म्हणून गुरुवारी चण्याचा सुंडल. नैवेद्य म्हणून प्रेमाने करावा. पण गुरू प्रसन्न नाही म्हणून चणे शिजले नाहीत, असं कोणी म्हणालं तर त्यांना किटलीचा तळ दाखवावा.

मरीना किनाऱ्यावर 'तेंगा मांगा पट्टाणी सुंडल' मिळतो: खोबरं, कैरी, वाटाणा. कैरीचे बारीक तुकडे शिजलेल्या वाटाण्यावर वरून पडतात, आणि ते तसंच हवं. आंबटात पेक्टिन विरघळत नाही. कैरी, चिंच, लिंबू आधी घातलं तर दाणा खरोखरच अडतो. म्हणून शिजलेला चणा आधी अंगठा आणि तर्जनीत दाबून बघा. साल सरकली आणि आतलं पीठ बोटाला गुळगुळीत लागलं, कणी राहिली नाही, की निथळून फोडणीत टाका, चव बघून मीठ घाला. गॅस बंद करून खोबरं, आणि अगदी शेवटी कैरी.