सिलिंडर हेडचे नट-बोल्ट आवळणे (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या इंजिनाचे हेड (सिलिंडरचे वरचे झाकण), ब्लॉक (सिलिंडरचा भाग) आणि त्यांच्यामधले गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पातळ चकती) ठरावीक दाबाने एकमेकांवर घट्ट बसवण्याची कृती. १००-१२५ सीसीच्या एअर-कूल्ड, एका सिलिंडरच्या इंजिनात बहुधा क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या कवचातून) निघालेले चार लांब स्टड (आटे असलेले, डोके नसलेले दांडे) ब्लॉक व हेडमधून आरपार वर येतात आणि त्यांवर नट बसतात. टाइमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीच्या) बाजूला ६ मिमीचे एक-दोन बोल्ट वेगळे असतात.

नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि हा ताणच हेड दाबून धरतो. टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की ‘कट्’ वाजणारा पाना) मात्र ताण मोजत नाही, नट फिरवायला लागणारा जोर मोजतो. त्यातला सुमारे ९० टक्के जोर आट्यांतल्या आणि वायसरखालच्या घर्षणात जातो. त्यामुळे आटे गंजलेले असले तर रेंच ‘कट्’ वाजतो, पण हेड पुरेसे दाबले गेलेले नसते. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) आकडा तेल लावून वापरला तर स्टड जास्त ताणला जातो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत आणि तेलाबाबत मॅन्युअलमध्ये लिहिले असेल तेवढेच करावे. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचले असेल तर ते आधी काढून टाकावे, नाहीतर बोल्ट आत जाताना तेल दाबले जाऊन कास्टिंग तडकते.

आकडा त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्यावा आणि एकक नीट वाचावे. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, तर १ फूट-पाउंड म्हणजे १.३६. रेंचवरची चुकीची पट्टी वाचून २० न्यूटन-मीटरऐवजी २० फूट-पाउंड लावले, तर नट २७ न्यूटन-मीटरपर्यंत आवळला जातो.

इंजिन पूर्ण थंड हवे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. गरम असताना आवळलेले हेड थंड झाल्यावर सैल पडते. गॅस्केट दरवेळी नवे, डॉवेल पिना (हेड व ब्लॉक नेमके जुळवणाऱ्या छोट्या नळ्या) जागेवर. चारही नट हाताने बसवून मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत, फुलीच्या क्रमाने आवळावेत. अंतिम आकडा २० असेल तर आधी सगळे ७ वर, मग १४ वर, मग २० वर. एकच नट एका दमात आवळला की हेड तिरके बसते आणि गॅस्केट एका बाजूला चेपते. रेंच सावकाश, न हिसकता ओढावा. ‘कट्’ झाल्यावर ‘अजून जरासं’ नको. ६ मिमीचे बोल्ट शेवटी. खोलताना हाच क्रम उलटा, प्रत्येक नट पाव-पाव फेरा. काम झाल्यावर व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (व्हॉल्व्ह व त्याला दाबणाऱ्या भागातली बारीक फट) पुन्हा तपासावे.

हेडच्या सांध्यावर तेलकट धूळ जमू लागली की नट अजून पिळण्याचा मोह होतो, पण फुटलेले गॅस्केट किंवा वाकडे हेड त्याने दुरुस्त होत नाही. हेड उतरवून, सरळ पट्टी व फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) त्याची सपाटी पाहावी लागते. नट फिरतो आहे पण जोर वाढत नाही, असे जाणवले की तिथेच थांबावे. स्टड लांबतो आहे किंवा क्रँककेसमधले आटे जात आहेत. आटे गेलेच असतील तर ब्लॉक उतरवून तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावे लागते.