नोंदबदलाची वेळ (डेटाबेस)

टेबलातील एखादी ओळ शेवटची केव्हा बदलली, हे डेटाबेसने त्याच ओळीच्या एका रकान्यात आपोआप लिहून ठेवण्याची सोय. रकान्याचे नाव बहुधा ‘अपडेटेड अ‍ॅट’ असते. वेळ लिहिण्याचे काम प्रोग्रॅमवरही सोपवता येते. पण रावेरच्या केळी व्यापाऱ्याकडे पावतीतला भाव सुधारायला कुणी थेट डेटाबेसच उघडला, तर प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून हे काम डेटाबेसकडेच असलेले बरे.

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत रकाना बनवतानाच ‘ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प’ असे लिहिले की भागते. ५.६.५ आवृत्तीपूर्वी एका टेबलात असा एकच आपोआप भरणारा रकाना चाले. आहे तोच भाव पुन्हा लिहिला तर इथे वेळ बदलत नाही.

पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत अशी तयार सोय नाही. तिथे ट्रिगर, म्हणजे ओळ बदलण्याआधी डेटाबेस आपोआप चालवतो तो छोटा प्रोग्रॅम, लिहावा लागतो, आणि वेगळी अट घातली नाही तर तो तोच भाव पुन्हा लिहिल्यावरही वेळ बदलतो. खरी फसगत ट्रिगरमध्ये वेळ घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘नाऊ’ या फंक्शनची. ते चालू क्षणाची नव्हे, ट्रँझॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देते. समजा, चोपड्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या काटापावत्या भरणारे ट्रँझॅक्शन ९:५८ ला सुरू झाले आणि १०:०४ ला पक्के झाले. जळगावच्या मुख्य कार्यालयाने मधेच, १० वाजता, नव्या नोंदी उचलल्या. ट्रँझॅक्शन अजून पक्के नसल्याने त्यांना या पावत्या दिसल्याच नाहीत. पुढच्या खेपेला ते ‘१० नंतरचे द्या’ म्हणणार, आणि पावत्यांवर तर ९:५८ ची वेळ! त्या कायमच्या सुटतात. म्हणून दर वेळी थोड्या आधीच्या वेळेपासूनच्या नोंदी मागाव्यात. दोनदा आलेली ओळ ओळखता येते, न आलेली कशी ओळखणार?

एसक्यूएल सर्व्हर या तिसऱ्या प्रणालीतील ‘टाइमस्टॅम्प’ हा रकान्याचा प्रकार नावाने फसवतो. त्यात वेळ नसतेच, ८ बाइटचा वाढता क्रमांक असतो. ‘रोव्हर्जन’ हे त्याचे आताचे नाव. ओळ बदलली का, एवढेच त्यावरून कळते. २०१६ च्या आवृत्तीपासून तिथे जुन्या ओळी त्यांच्या कालावधीसह आपोआप राखणारी टेबलेही आहेत.

वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असल्याने पहाटे ४ ची नोंद तिथे आदल्या दिवशीची दिसते. खोडलेल्या ओळीचा माग या रकान्यातून लागत नाही, कारण रकानाही ओळीबरोबर जातो.

ही वेळ नोंदीची, घटनेची नव्हे. शहादे तालुका १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेला. गावांच्या टेबलात कुणी ती दुरुस्ती २००५ साली केली, तर रकान्यात २००५ च येईल. नंतर कुणी गावाच्या नावातली वेलांटी सुधारली, की तेही पुसले जाईल. जिल्हा बदलल्याची तारीख हवी असेल, तर तिला वेगळा रकाना करून ती हातानेच भरावी लागते.