रांगेचं शेपूट

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेआठ. कोंढाळी मागे टाकून अमरावतीच्या दिशेनं निघालो होतो, तर पुढे लाल दिव्यांची रांग. संत्र्यांचा ट्रक पलटी झाला होता. क्रेट फुटून संत्री डांबरावर पसरलेली, त्यांच्यावरून चाकं जाऊन जाऊन रस्त्यावर नुसता लगदा. घसरून पडायला तो चिखलापेक्षा कमी नाही. ड्रायव्हरचं कोपर खरचटलं होतं, बाकी माणूस धड. गावातली पोरं पिशव्या घेऊन पोचली होती आणि एकटा हवालदार ओरडत होता, "कोनी हात नोका लावू, पंचनामा बाकी आहे!"

क्रेन यायला सव्वा तास लागला. दरम्यान दीडेक किलोमीटर मागे, रांगेत शेवटी उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रॉलीवर एक कार आदळली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. कारवाल्याचा पाय मोडला. म्हणजे मूळ अपघातात कोपर खरचटलं आणि त्या अपघाताच्या रांगेत पाय गेला.

अशा अपघाताला दुय्यम अपघात म्हणतात. हे नुसतं वाईट नशीब नसतं, त्यामागे गणित आहे.

चार पदरी रस्त्याच्या एका बाजूला दोन लेन. एक अडली तर निम्मी वाहतूक जाईल, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल'मधला आकडा वेगळा आहे: दोनपैकी एक लेन बंद झाली की क्षमता जेमतेम ३५ टक्के उरते. कारण उरलेल्या लेनमध्ये घुसायला रेटारेटी होते आणि जो तो 'काय झालं बाप्पा' म्हणून मान वळवत, हळू करत जातो. गाडी नुसती कडेला उभी असली तरी बघ्यांमुळे क्षमता घटतेच.

आता हिशेब मांडू. समजा, दोन्ही लेन मिळून तासाला ३००० गाड्या जाऊ शकतात आणि येताहेत १८००. एक लेन अडल्यावर जातात १०५०. म्हणजे दर तासाला ७५० गाड्या साचतात. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला तर ३७५ गाड्यांची रांग, ती ओसरायला आणखी १९ मिनिटं. सगळ्यांचा मिळून वाया गेलेला वेळ सुमारे १५२ तास. ट्रक हलवायला अर्ध्याऐवजी पूर्ण तास लागला तर? रांग दुप्पट होते आणि ओसरायलाही दुप्पट वेळ लागतो. दोन्हींचा गुणाकार झाल्यामुळे वाया गेलेला वेळ होतो ६०९ तास. उशीर दुप्पट, नुकसान चौपट. क्रेनवाला 'आलोच दहा मिनिटांत' म्हणतो, तेव्हा ती दहा मिनिटं कितवी आहेत, यावर त्यांची किंमत ठरते. पहिली दहा स्वस्त असतात.

रांग दोन्ही लेनमध्ये लागली आणि एका गाडीला दहा मीटर जागा धरली, तर याच हिशेबानं तिचं शेपूट मिनिटाला साठेक मीटर मागे सरकतं. अपघाताची जागा स्थिर असते, धोक्याची जागा मागे मागे चालत जाते. आणि आपण सगळे जमतो कुठे? ट्रकपाशी.

ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ५५ मीटर गेलेच. मग ब्रेक लागून थांबायला आणखी सत्तरेक. रस्त्यांची रचना करताना इंडियन रोड्स काँग्रेस ८० च्या वेगाला १२० मीटर आणि १०० च्या वेगाला १८० मीटर अंतर धरते, ते याच हिशेबानं. डिपर लाइटमध्ये बिनदिव्याची मळकट ट्रॉली एवढ्या लांबून दिसत नाही.

आपल्याकडचा उपाय ठरलेला आहे: मागे चार धोंडे आणि पळसाची नाहीतर बाभळीची फांदी. दिवसा चालतं. रात्री पान हेडलाइटचा उजेड चारी दिशांना विखरून टाकतं, ड्रायव्हरच्या डोळ्यांपर्यंत त्यातला नखभर पोचतो. रिफ्लेक्टरच्या पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा प्रिझम असतात. उजेड ज्या दिशेनं आला त्याच दिशेला ते तो परत पाठवतात आणि दिव्याच्या जरा वर ड्रायव्हरचे डोळे असतातच. डिकीत न उघडता पडून राहणारा लाल त्रिकोण याच तत्त्वावर चालतो. तोही ट्रकला चिकटून ठेवला तर फुकट. एका माणसानं टॉर्च घेऊन, डांबर सोडून कडेकडेनं शेपटाच्याही मागे शंभर-दीडशे मीटर चालत जायला हवं आणि रांग वाढेल तसं आणखी मागे.

मदतीला पहिली पोचलेली गाडी कुठे उभी करायची, हेही शास्त्रच आहे. ती अपघाताच्या पुढे नाही, मागे लावायची, म्हणजे येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला. थोडी तिरपी, पुढची चाकं काम करणाऱ्या माणसांपासून दूर वळवून. कोणी येऊन धडकलंच तर ती माणसांवर ढकलली जात नाही. जागेवर पोचल्यावर समोरच्यांच्या डोळ्यांत जाणारे हेडलाइट बंद करायचे. फिरते दिवेही सगळ्या गाड्यांचे चालू नकोत, त्या झगमगाटात रस्त्यावरचा माणूसच दिसेनासा होतो.

अमेरिकेत पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि टोइंगवाले यांना हे एकाच वर्गात बसवून शिकवतात, कारण एरवी प्रत्येकाला आपलंच काम दिसतं. आपल्याकडे त्या वर्गात आणखी एकाला बसवावं लागेल: जेसीबीवाल्याला. राष्ट्रीय महामार्गावर टोलनाक्याची क्रेन असते, १०३३ नंबर असतो. आतल्या रस्त्यावर ट्रक उलटला की गावचा जेसीबीच येतो. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा फिरतो, तेव्हा दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणी उभं राहू नये, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. बघ्यांना तर नाहीच.

आणि पंचनामा. तो हवाच, पण त्यासाठी ट्रकला रस्त्यात ठेवायची गरज नाही. चाकांच्या जागा खडूनं किंवा रंगानं आखायच्या, चारी बाजूंनी फोटो काढायचे, मग गाडी बाजूला. २०२१ पासून पोलिसांकडे आयरॅड नावाचं ॲप आहे, त्यात जागा आणि फोटो तिथल्या तिथे नोंदवता येतात. परदेशात हेच मोजमाप ड्रोननं उरकतात.

फोन करणाऱ्याचाही वेळ जातो. '१०८'ला किंवा '११२'ला 'मोठ्या वडाजवळ' सांगून रुग्णवाहिकेला कळत नाही. किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. त्यावरचा आकडा सांगा आणि कोणत्या दिशेची बाजू तेही. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूनं आलेल्या रुग्णवाहिकेला वळायला पुढचा कट शोधावा लागतो. जखमीला मदत केली म्हणून मागे शुक्लकाष्ठ लागू नये, यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आहे. नाव सांगायची सक्तीही नाही.

त्या रात्री पावणेदहाला ट्रक उभा झाला. क्रेन गेली, पोरं गेली, हवालदार मोटारसायकलला किक मारून गेला. रांग सुटली. मी जागेवर पोचलो तेव्हा ट्रकमागचे चार धोंडे लेनच्या मधोमध तसेच होते, मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. तीन मी नालीत लोटले. चौथा मोठा होता. एक ट्रकवाला केबिनमधून उतरला, म्हणाला, "सरका भाऊ, दोघं मिळून ढकलू."