रविवार पालन कायदा, १७८०

रविवारी पैसे घेऊन करमणुकीचे कार्यक्रम किंवा जाहीर वादविवाद भरवण्यास मनाई करणारा इंग्लंडमधील कायदा. तो चेस्टरचे बिशप बील्बी पोर्टियस यांच्या पुढाकाराने झाला. नावात १७८० असले, तरी संसदेत तो १७८१ मध्ये संमत झाला.

पोर्टियस यांचा रोख लंडनमधल्या दोन गोष्टींवर होता. सोहो चौकातल्या कार्लाइल हाउसमध्ये रविवारी संध्याकाळी तीन शिलिंगांचे तिकीट काढून लोक मिरवायला आणि भेटीगाठींना जमत. दुसरीकडे, धर्मसभा म्हणवणाऱ्या मंडळांत प्रवेशशुल्क भरून कोणीही उठून बायबलच्या वचनांवर वाद घालत असे. त्यामुळे करमणूक आणि वादसभा हे दोन्ही एकाच कलमात आले.

कायद्याची सगळी मदार दारावर घेतल्या जाणाऱ्या पैशांवर होती. पैसे किंवा विकलेले तिकीट घेऊन लोकांना आत सोडले, की ती जागा ‘बदनाम घर’ ठरे. दंड दर रविवारचा वेगळा होता: जागा चालवणाऱ्याला २०० पौंड, व्यवस्थापकाला किंवा सभेच्या अध्यक्षाला १००, तिकिटे गोळा करणाऱ्या डोअरकीपरला ५०. जाहिरात देणारा आणि छापणारा यांनाही ५० पौंड भरावे लागत. पळवाटाही आधीच बुजवल्या होत्या. प्रवेश फुकट ठेवून चहा-फराळ एरवीपेक्षा महाग विकला, तर तो वाढीव दर म्हणजे प्रवेशशुल्कच. वर्गणी काढून कार्यक्रम केला तरी सुटका नव्हती. खऱ्याखुऱ्या फुकट कार्यक्रमाला मात्र हा कायदा लागू नव्हता.

अंमलबजावणी पोलिसांवर सोपवलेली नव्हती. सहा महिन्यांच्या आत कोणीही दावा लावावा आणि जिंकल्यास दंडाची रक्कम स्वतः घ्यावी, अशी सोय होती. अशा फिर्याद्याला ‘कॉमन इन्फॉर्मर’ म्हणत. धर्माशी देणेघेणे नसलेल्यालाही यात कमाई दिसे. कायद्याची खरी खोट हीच. १८७५ मध्ये ब्रायटनच्या मत्स्यालयाविरुद्ध असा दावा यशस्वी झाला. काचेमागचे मासे पाहणे हीसुद्धा करमणूक ठरली! त्याच वर्षी संसदेने राजसत्तेला असे दंड माफ करण्याचा अधिकार दिला. बंदी तशीच राहिली.

पुढची मोठी अडचण चित्रपटगृहांची. लंडन काउंटी कौन्सिल ही लंडनची स्थानिक प्रशासन संस्था नफ्यातला वाटा धर्मादायाला देण्याच्या अटीवर रविवारचे खेळ चालू देत असे. १९३१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की कायद्याने निषिद्ध केलेली गोष्ट परवान्याने वैध होत नाही. तात्पुरता कायदा करून वेळ निभावली गेली. मग १९३२ च्या रविवार करमणूक कायद्याने स्थानिक संमतीने चित्रपटांना, तसेच संगीताच्या मैफली, संग्रहालये, प्राणिसंग्रहालये, व्याख्याने आणि वादविवाद यांना मोकळीक दिली. चित्रपटगृहांच्या रविवारच्या उत्पन्नातून धर्मादायाचा वाटा काढावा लागे. नाटक मात्र १९७२ पर्यंत बंद राहिले. मैफलीत गाता येई. तेच गाणे नाटकातला प्रवेश म्हणून केले, तर परवानगी संपली. इन्फॉर्मरांची कमाई १९५१ च्या कायद्याने थांबली.

खेळांना या सवलतींचा उपयोग नव्हता. जानेवारी १९७४ मध्ये वीजटंचाईमुळे प्रकाशझोतातले सामने अडले आणि इंग्लंडमधले व्यावसायिक फुटबॉल रविवारी आले. ६ जानेवारीला एफए कप या इंग्लिश फुटबॉल स्पर्धेत केंब्रिज युनायटेड विरुद्ध ओल्डहॅम सामना झाला. तिकीट लावता येत नसल्याने क्लबांनी दारावर कार्यक्रमपत्रिका किंवा संघांची यादी विकली. किंमत नेहमीच्या तिकिटाएवढी. चहा-फराळाची युक्ती ओळखणाऱ्या जुन्या कलमांना ही युक्तीही कळली असती, पण दावा लावून पैसे मिळवणारा आता उरला नव्हता.

मूळ कायदा २००३ च्या परवाना कायद्याने रद्द झाला.