फोटो हलला, की फोटोतला हलला?

चढ चढून धापा टाकत काढलेला दरीचा फोटो पुसट आला की आपण म्हणतो, "फोटो हललाय." उतारावरून सुसाट आलेला सोबती फोटोत नुसती रेघ होऊन उमटला, तरी तेच म्हणतो. मराठीला दोन्हीसाठी एक वाक्य पुरतं, पण तक्रारी दोन आहेत. पहिल्या फोटोत कॅमेरा हलला, दुसऱ्यात समोरचा माणूस. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. सायकलवर ट्रायपॉड नसतो, लेन्सांची बॅग नसते, असतो एखादा खिशातला कॅमेरा किंवा फोन. तेव्हा आधी रोग ओळखलेला बरा.

ओळखायचं कसं? फोटो मोठा करा आणि त्यातली एखादी न हलणारी वस्तू शोधा: दगड, झाडाचं खोड, मैलाचा खांब. तीही त्याच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हलला. उजेडाचे ठिपके असतील तर आणखी सोपं. हात हलला असेल तर प्रत्येक ठिपक्याला जवळपास सारख्याच आकाराची शेपटी फुटते. दगड लख्ख आणि सायकलस्वार तेवढा फरफटलेला, तर हात निर्दोष आहे. समोरच्याच्या वेगापुढे शटर (उजेड क्षणभर आत सोडणारा पडदा) कमी पडलं. (दोन्ही नसून सगळ्यावरच धुकं पसरल्यासारखं दिसत असेल तर लेन्सवर घामाचं बोट लागलंय. बनियनने पुसा आणि पुढे चला.)

हात हलण्याचा जुना ठोकताळा असा: लेन्सची फोकल लेंथ (आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर दूरचं जवळ) जेवढे मिलिमीटर, सेकंदाचा तेवढावा भाग ही हातात धरून फोटो काढण्याची सीमा. २८ मिलिमीटरची रुंद लेन्स असेल तर १/३० सेकंद, २०० मिलिमीटरची असेल तर १/२००. म्हणून सायकलवर रुंद लेन्स नुसती हलकी म्हणून परवडते असं नाही, ती थरथरही बरीच पोटात घालते. मात्र हा ठोकताळा शांत उभ्या माणसासाठी आहे. चढ संपताक्षणी छाती धडधडत असते, हँडल घट्ट धरून बोटं आखडलेली असतात. तेव्हा मी शटर निदान दुप्पट वेगाचं ठेवतो, किंवा आधी दोन घोट पाणी पितो. दुसरा उपाय जास्त चालतो.

स्टॅबिलायझेशन येतं ते याच पहिल्या दुखण्यावर. आतला जायरोस्कोप कॅमेऱ्याचं डुलणं मोजतो आणि लेन्सचा एक भाग किंवा सेन्सर (चित्र टिपणारी चकती) उलट्या दिशेला सरकतो. कॅननने १९९५ साली आपल्या बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यांसाठी अशी झूम लेन्स आणली. आज ती सोय कितीतरी फोनमध्ये असते. तीन स्टॉपचा, म्हणजे तीनदा दुप्पट वेळाचा, फायदा मिळाला तर १/३० ऐवजी १/४ सेकंदावरही दरी स्वच्छ येते. पण जायरोस्कोपला कॅमेरा कळतो, समोरचा माणूस कळत नाही. ताशी १८ किलोमीटरने जाणारा सायकलस्वार सेकंदाला ५ मीटर जातो. १/४ सेकंदात तो सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. दरी छान, मित्राचं भूत.

हा हिशेब थोडा पुढे नेऊ. तोच मित्र ५ मीटरवरून आडवा जातोय, लेन्स २८ मिलिमीटरची, फोटो ६००० पिक्सेल रुंद. चौकटीत साधारण साडेसहा मीटरचा पट्टा मावतो, म्हणजे एक पिक्सेल सुमारे एक मिलिमीटरचा. १/५० सेकंदाला तो १० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे नव्वदेक पिक्सेलची फरफट. १/१००० ला पाचेक पिक्सेल, जी बहुतेकांच्या नजरेत भरत नाही. तोच ५० मीटरवर असेल तर १/५० लाही नऊच पिक्सेल. आणि तो आडवा न जाता थेट तुमच्याकडे येत असेल तर फरफट आणखी खूप कमी. तेव्हा उजेड कमी असेल आणि शटर वाढवता येत नसेल, तर वळणाच्या टोकाला उभं राहून समोरून येणाऱ्याचा फोटो घ्यावा. पैसा लागत नाही, दहा पावलं लागतात.

चाकाचे स्पोक याहून गंमतशीर गोष्ट सांगतात. घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या मानाने थांबलेला असतो आणि सगळ्यात वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने धावत असतो. त्यामुळे कॅमेरा स्थिर धरून फोटो काढला तर खालचे स्पोक मोजता येतात आणि वरचे विरघळून जातात. तुम्ही कॅमेरा मित्राच्या मागोमाग फिरवला असेल, म्हणजे पॅनिंग केलं असेल, तर चित्र बदलतं: चाकाच्या मधला हब धारदार, आणि स्पोक वर-खाली सारखेच धूसर. दुसऱ्याचा फोटो बघून तो कसा काढला ते सांगायला हा पुरावा पुरेसा आहे.

पॅनिंगमध्ये दोन्ही हलणी एकमेकांना फेडतात. शटर १/३० ते १/६०, पाय जमिनीवर रोवलेले, वळायचं कमरेपासून, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. मागची झाडी रेघा होते, चेहरा टिकतो, पावलं पुसट. पहिले पंधरा-वीस फोटो वाया जातात. सोबत्याला तेवढ्या वेळा परत यायला लावायचं असेल तर खाऊची पिशवी तुमच्याकडे असलेली बरी.

पहिल्या दुखण्याची घरगुती औषधं मात्र सायकलवरच सापडतात. सायकल झाडाला नीट टेकवली की तिची सीट हा बरा कट्टा होतो. वर हातमोजे किंवा गुंडाळलेलं रेनकोट ठेवलं की कॅमेरा त्यात बसतो. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला की बटण दाबण्याचा धक्का जातो. साइड स्टँडवर उभी केलेली सायकल वाऱ्याने डुलते, तिच्यावर भरवसा नको. काहीच नसेल तर सलग तीन-चार फोटो घ्यावेत. पहिल्यात बोट दाबण्याचा धक्का येतो, शेवटच्यात बोट उचलण्याचा, मधला बहुधा तरतो. यातला कुठलाही उपाय पळत्या मित्राला थांबवत नाही. फोनचा नाइट मोडही नाही: तो अनेक फोटो एकावर एक जुळवतो, त्यात तुमचा हात सावरला जातो आणि चालता माणूस विरतो. मित्र हवा असेल तर नाइट मोड बंद करून आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढवू द्यावा, चित्रातले थोडे दाणे सोसावेत. दाणेदार चेहरा हा चेहरा असतो.

यावरून खरेदीचंही ठरतं. एकट्याने भटकणारे, डोंगर आणि टेकवलेली सायकल टिपणारे असाल तर स्टॅबिलायझेशनवर पैसे घाला. टोळीने फिरत असाल तर त्याचं कौतुक थोडं कमी करून मोठ्या छिद्राची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, लेन्स आणि वाढीव आयएसओला चांगलं चित्र देणारा सेन्सर बघा. त्या दोन गोष्टी दोन्ही दुखण्यांवर चालतात.

चालत्या सायकलवरून फोटो काढू नये हे वेगळं सांगायला नको, पण काढलाच तर तिथे तिसरी भानगड होते. कॅमेराच पुढे सरकत असल्याने लांबचा डोंगर शाबूत राहतो आणि एक मीटरवरचं गवत १/५०० लाही फरफटतं. वर रस्त्याचे हादरे, जे सगळ्यालाच हलवतात. हादऱ्यांवरून आठवलं: अॅपलने २०२१ मध्ये सूचना काढली की मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस कमजोर होऊ शकतं. सायकलचं नाव त्यात नाही. तरी खडीचा रस्ता लागला की मी फोन हँडलवरून काढून जर्सीच्या मागच्या खिशात टाकतो.