ट्यूब फ्लाय : नळीसाठी वापरली जाणारी द्रव्ये

ट्यूब फ्लाय म्हणजे गळाच्या दांड्यावर न बांधता बारीक पोकळ नळीवर पिसे, केस व धागा बांधून केलेले कृत्रिम आमिष. दोरीच्या टोकाचा बारीक पारदर्शक भाग, म्हणजे लीडर, नळीतून आरपार ओवून त्याच्या शेवटी एक, दोन वा तीन काट्यांचा आखूड गळ बांधतात. मासा लागला की नळी लीडरवरून वर सरकू शकते. त्यामुळे बांधणी दातांपासून वाचते आणि लांब दांड्याच्या गळावर माशाला जी तरफ मिळते तीही मिळत नाही. गळ बोथट झाल्यास तेवढाच बदलता येतो. हा प्रकार मुख्यतः अटलांटिक सामन आणि सी-ट्राउट या माशांसाठी स्कॉटलंड, स्कँडिनेव्हिया व आइसलंड येथे रूढ आहे.

उगम व कालनिश्चिती : ट्यूब फ्लायचा उगम सामान्यतः स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे सु. १९४५ मध्ये मानतात. चार्ल्स प्लेफेअर या मासेमारी-साहित्याच्या पेढीत फ्लाय बांधणाऱ्या श्रीमती मोरॉव्स्की यांना त्याचे श्रेय दिले जाते. त्यांचे पहिले नाव कुठे मिनी, तर कुठे विनी असे आढळते. त्यांनी आधी टर्कीच्या पिसांचे पोकळ केलेले देठ वापरले आणि पुढे मिची नावाच्या डॉक्टरांच्या सूचनेवरून शस्त्रक्रियेच्या नळीचे तुकडे घेतले, असे सांगितले जाते. याउलट, आमिषाच्या पोटातून दोरी ओवण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी असल्याकडेही लक्ष वेधता येते. एकोणिसाव्या शतकातील डेव्हन मिनो या पाण्यात फिरणाऱ्या आमिषाचे धड पोकळ असे आणि गळाची तार त्यातून जात असे. मात्र त्या धडावर पिसांची बांधणी नव्हती. म्हणून डेव्हन मिनोला ट्यूब फ्लायचा आरंभ न म्हणता पूर्वसूरी म्हणणे अधिक योग्य वाटते.

द्रव्यांचा इतिहासही ॲबर्डीनच्या मताला पोषक आहे. पॉलिथिनचा शोध इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ मध्ये लागला, व्यापारी उत्पादन १९३९ मध्ये सुरू झाले आणि युद्धकाळात ते मुख्यतः रडारच्या केबलींच्या वेष्टनात गेले. बारीक, लवचीक आणि स्वस्त प्लास्टिक नळी सामान्य कारागिराच्या हाती येण्याचा काळ त्यामुळे युद्धसमाप्तीच्या फार मागे नेता येत नाही. पिसाच्या देठाला अशी कालमर्यादा नाही. हंसाच्या पिसांपासून व साळिंदराच्या काट्यांपासून केलेली तरंगती (फ्लोट) गळाच्या दोरीला पूर्वीपासून लावत, म्हणजे पोकळ देठ मासेमाराच्या परिचयाचाच होता. पण देठ केराटिनाचा असतो. तो पाण्यात मऊ पडतो, कडेला चिरतो आणि घट्ट धाग्याखाली चेपतो. आधी देठ आणि मग नळी हा सांगितला जाणारा क्रम या दृष्टीने विश्वसनीय ठरतो. लांब दांड्याच्या एककाटी गळाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न त्याच दशकात इतरत्रही चालू होते. मासेमारीवर लिहिणारे रिचर्ड वॉडिंग्टन यांचा मागच्या टोकाला तीन काट्यांचा गळ जोडलेला सांध्याचा दांडा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

घनता व बुडण्याची गती : द्रव्य निवडताना पहिला विचार घनतेचा होतो. प्रतिघन सेंमी.ला पॉलिप्रोपिलीन सु. ०.९०, पॉलिथिन ०.९२ ते ०.९६, नायलॉन सु. १.१४, टेफ्लॉन सु. २.२, ॲल्युमिनियम २.७, पितळ सु. ८.५, तांबे ८.९६ आणि शुद्ध टंगस्टन १९.३ ग्रॅम भरते. केवळ हे आकडे पाहणे मात्र दिशाभूल करते, कारण पाण्यात उपयोगी पडते ते विस्थापित पाण्याचे वजन वजा जाऊन उरलेले वजन. २५ मिमी. लांब, बाहेरून ३ मिमी. व आतून २ मिमी. व्यासाची नळी घेतली तर तिच्या भिंतीचे घनफळ सु. ०.०९८ घन सेंमी. येते. ती पितळेची असल्यास हवेत ०.८३ ग्रॅम व पाण्यात ०.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियमची असल्यास हवेत ०.२७ ग्रॅम व पाण्यात ०.१७ ग्रॅम भरेल. म्हणजे हवेत तिप्पट दिसणारा फरक पाण्यात सव्वाचार पटींहून जास्त होतो. पॉलिथिनची तीच नळी स्वतः तरंगेल. तिला खाली नेतात ते गळ आणि ओला केसाळ भाग. नायलॉन जेमतेम बुडते.

वसंतातील थंड, फुगलेल्या स्कॉटिश नदीत सामन तळाशी राहतो. तिथे पितळेची नळी आणि बुडणारी दोरी यांची जोडी रूढ झाली. ब्रोरा नदीशी निगडित विली गन ही फ्लाय पितळी नळीवर पुष्कळ बांधली जाते. पाणी ओसरून कोमट झाले की प्लास्टिक, आणि मधल्या स्थितीत ॲल्युमिनियम, हा ढोबळ नियम होय. सनरे शॅडोसारखी लांब केसांची, वरच्या थरात वेगाने ओढायची फ्लाय हलक्या प्लास्टिकवरच शोभते. आइसलंडमध्ये अगदी बारीक प्लास्टिक नळीला बाजूने भोक पाडून लीडर तिथून आत घेतात. ओढताना नळी तिरकी होऊन पृष्ठभागावर रेषा काढत जाते. इथे धातूचा उपयोगच नाही. काही नद्यांवर वजनदार नळ्यांना मनाई असते, हेही निवडीपूर्वी पाहावे लागते.

कड व अस्तर : वजनाइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची बाब म्हणजे नळीची आतली कड. सामान्य वर्णनांत ती दुर्लक्षित राहते. लीडर नायलॉनचा असो वा फ्लुओरोकार्बनचा, प्रत्येक फेकीत तो नळीच्या तोंडावर घासतो. कापलेल्या धातूच्या नळीची कड सुरीसारखी असते आणि मोठा मासा ऐन ओढीत असताना लीडर तिथेच तुटतो. म्हणून धातूच्या नळीत प्लास्टिकचे अस्तर घालतात. ते पुढे किंचित बाहेर काढून लायटरच्या ज्योतीजवळ नेले की त्याची कड वितळून गोलसर ओठ तयार होतो. ज्योत टेकवली तर तो काळा पडून ठिसूळ होतो. मागे ३ ते ५ मिमी. अस्तर बाहेर ठेवतात आणि त्यावर गळ धरणारी मऊ नळी बसवतात.

अस्तरासाठी पॉलिथिन वा पॉलिप्रोपिलीन योग्य, कारण ती अनुक्रमे सु. १०५ ते १३५ व सु. १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळून सहज ओठ धरतात. टेफ्लॉनची गुळगुळीत भिंत लीडरला उत्तम, पण त्याचा वितळबिंदू ३२७ अंश आहे आणि अतितापविल्यास त्यातून विषारी वायू सुटतात. त्याला ज्योत दाखवू नये. शिवाय त्यावर धागा घसरतो आणि सामान्य गोंद धरत नाही. खरकागदाने घासल्यास थोडाच फरक पडतो. पॉलिथिनलाही गोंद नीट चिकटत नाही. तिथे धाग्याची पकड आणि ओठाचा अडसर यांवरच भिस्त ठेवावी लागते. नायलॉन ताठ असते आणि गोंद बरा धरते, मात्र ते पाणी शोषते.

प्लास्टिकची पातळ नळी नुसती शेगड्यात, म्हणजे बांधताना वस्तू घट्ट धरणाऱ्या साधनात (व्हाइस), धरून बांधू नये. घट्ट वेढ्यांखाली तिचे छिद्र आकुंचन पावते आणि लीडर ओवता येत नाही. छिद्राच्या मापाची सुई आत घालून ती सुई शेगड्यात धरतात. एकात एक बसणाऱ्या नळ्या वापरायच्या असल्यास बाहेरील व्यासांचे मेळ आधी जुळवावे लागतात, बाजारात १.८ व ३ मिमी. ही मापे विशेष प्रचलित आहेत.

गळ धरणारी नळी : ही बहुधा सिलिकोनची किंवा मऊ पीव्हीसीची असते. थंडीत पीव्हीसी ताठते आणि गळाचा डोळा, म्हणजे दोरी बांधायचे भोक, सोडू लागते. सिलिकोन हिमांकाच्या पुष्कळ खालीही मऊ राहते, म्हणून उत्तरेकडील नद्यांसाठी ते श्रेयस्कर. नैसर्गिक रबर उघड्यावर हवेतील ओझोनमुळे भेगाळते. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, विशेषतः त्याला पितळी शंकू जोडला असल्यास; वापरानंतर गोड्या पाण्याने धुणे इष्ट असते.

घरगुती साधने : छंद म्हणून बांधणारे बॉलपेनच्या रिफिली, विजेच्या तारांची वेष्टने आणि कान साफ करण्याच्या बड्सच्या पोकळ प्लास्टिक दांड्या वापरत आले आहेत. बड्सची दांडी बहुधा पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे ओठ चांगला धरणारी. प्लास्टिक दांड्यांच्या बड्सवर स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून, इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून आणि भारतात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. त्यांच्या जागी आलेल्या कागदी दांड्या पाण्यात मऊ पडतात व या कामी चालत नाहीत.